वीस कंस

"अण्णा, आईला मी ठाण्याला नेतो. तिची काळजी करू नका," जयवंतदादा पिंडाकडे बघत मोठ्यानं म्हणाला आणि हात जोडून चार पावलं मागं सरला.

त्याच्याबरोबर आम्ही सगळेच चार पावलं मागं सरलो. कावळे जागचे हलले नाहीत.

भोरला नीरेच्या घाटावर सकाळचे साडेदहा वाजले होते. माझे मामा, जयवंतदादाचे वडील माळवदे सर, यांचा दहावा होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा उरलेली नाही असं आपल्याकडे धरतात. नाही शिवला, तर काहीतरी राहिलंय. मग जमलेल्यांनी काय राहिलंय ते ओळखायचं आणि ते आम्ही करू असं मोठ्यानं कबूल करायचं. म्हणजे प्रश्नपत्रिका कावळ्याकडे, आणि तो ती दाखवणार नाही.

समोरच्या चिंचेवर सात कावळे होते. मी मोजले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी शेजारच्याच पायरीवर एका दुकानदाराचा दहावा झाला, तेव्हा याच सात जणांनी अशी झडप घातली होती की भटजींचं बोट थोडक्यात वाचलं. आता त्यांची पोटं भरली असतील, असं माझ्या मनात आलं. पण घाटावर असलं काही बोलायचं नसतं.

मामांचा धाकटा मुलगा श्रीकांत पुढं झाला. "अण्णा, सहा महिने ठाण्याला आणि सहा महिने माझ्याकडे नागपूरला. आम्ही दोघं मिळून आईला सांभाळू."

एका कावळ्यानं फांदीवर चोच पुसली आणि पाठ फिरवली.

हे सहा-सहा महिन्यांचं आदल्या दुपारी ठरलं होतं. दोघे भाऊ आणि त्यांच्या बायका माजघरात बसल्या होत्या. घर विकून टाकायचं, सरूमामीनं आधी ठाण्याला जायचं, मग नागपूरला, मग परत ठाण्याला. "काय मुरली, बरोबर आहे ना?" असं जयवंतदादानं मला विचारलं. मला त्या घरात कुणी कधी मत विचारत नसे. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच मान डोलावली. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मान डोलावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मामी गेली तर माझी दोन्ही वेळची जेवणंही गेली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, कचेरीत कारकून होतो, खोली घेऊन एकटा राहत होतो आणि जेवायला मामाकडे जात होतो. स्वतःच्या पोटावर पाय द्यायला मी असा आनंदानं तयार झालो होतो.

"आणखी काही आठवतंय का बघा," काणेभटजी म्हणाले. त्यांना अकराला दुसरीकडे जायचं होतं.

मग सुरू झालं. सरांच्या नावानं शाळेत बक्षीस ठेवू. कावळा नाही. सरांची पुस्तकं वाचनालयाला देऊ. नाही. कुणीतरी म्हणालं, सरांना कांदाभजी फार आवडायची. मग सायकल पिटाळून गरम भजी आणली आणि पिंडाशेजारी पानावर ठेवली. वासानं मलाच भूक लागली. कावळे मात्र जणू उपासाचे होते.

"दर्भाचा कावळा करतो आणि शिववतो," काणेभटजी म्हणाले. "शास्त्रात सोय आहे."

"नको," जयवंतदादा म्हणाला. "गावभर होईल. माळवदे सरांची इच्छा राहिली म्हणून लोक आयुष्यभर बोलतील. थांबू थोडं."

मुंडण केलेल्या त्याच्या डोक्यावर ऊन चकाकत होतं. मला त्याची दया आली, आणि दया आली की माझ्या तोंडून भलतंच काहीतरी निघतं.

"दादा, मला वाटतं हे माझ्यामुळं अडलंय," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले.

"मामांनी मला एक गणित घातलं होतं. जायच्या आदल्या दिवशी. उद्या उत्तर घेऊन ये म्हणाले होते. ते राहिलं."

बाहेरच्या कुणाला हे वेडगळ वाटेल. पण मामांना ओळखणाऱ्या एकालाही तसं वाटलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी बीजगणित शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर जो समोर येईल त्याला ते फसवी गणितं घालत. दिसायला राक्षसासारखी आणि उत्तर चिमूटभर. श्रीकांतच्या लग्नात भर पंगतीत त्यांनी व्याह्यांना विचारलं होतं, "एक संख्या, आणि एक भागिले तीच संख्या, दोन्हींची बेरीज दोन. तर त्या संख्येचा शंभरावा घात किती?" व्याह्यांची जिलबी पानात तशीच राहिली. ते घामाघूम झाल्यावर मामा म्हणाले, "अहो, ती संख्या एक आहे. शंभर वेळा गुणलं तरी एकच. जिलबी घ्या." पुढं तीन वर्षं व्याही भोरला आले नाहीत.

मला तर रोज जेवणाआधी एक गणित असे. उत्तर आलं नाही तरी जेवायला मिळायचं, पण मामा मिटक्या मारत माझ्याकडे बघायचे. "मुरल्या, अवघड दिसणं हा गणिताचा धंदा असतो. तू प्रत्येक वेळी गिऱ्हाईक होतोस," ते म्हणायचे. मी नववीत बीजगणितात नापास झालो होतो, तेही त्यांच्याच वर्गात, त्यांच्याच हातून. त्यामुळे मला हे ऐकून घ्यावंच लागे.

"गणित काय होतं?" जयवंतदादानं विचारलं. तो इंजिनिअर होता. त्याच्या आवाजात एकदम जीव आला.

"एक ते वीस यांतली कुठलीही एक पूर्ण संख्या धर म्हणाले. तिला क्ष म्हण. मग वीस कंस. क्ष वजा एक, क्ष वजा दोन, क्ष वजा तीन, असं करत शेवटचा कंस क्ष वजा वीस. सगळे कंस एकमेकांना गुण. उत्तर किती?"

"आणि तू काय केलंस?"

"मी वीस धरली."

"वीसच का?"

"मोठी संख्या धरली की गणिताचा मान राहतो, असं वाटलं. एकोणीस गुणिले अठरा, गुणिले सतरा, गुणिले सोळा, असं करत तेरापर्यंत गेलो. पंचवीस कोटी एकोणचाळीस लाख पंचावन्न हजार पाचशे वीस झाले. तिथं कचेरीतला कागद संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गेले."

कुणी हसलं नाही. जयवंतदादा पायरीवर उकिडवा बसला. कागद नव्हता, म्हणून नदीत बोट बुडवून त्यानं दगडावर लिहायला सुरुवात केली. "संख्या धरायची नसते रे. कंस उलगडायचे. क्षचा विसावा घात, वजा दोनशे दहा क्षचा एकोणिसावा घात…"

"दोनशे दहा कशावरून?" श्रीकांत त्याच्यावर ओणवा झाला.

"एक ते वीसची बेरीज. इतकं येत नाही?"

"मला येतं. पुढचं पद चुकतंय तुझं."

दोघे सख्खे भाऊ, ओल्या धोतरांत, तुळतुळीत डोकी एकमेकांना लावून घाटाच्या दगडावर भांडायला लागले. ऊन कडक होतं. दुसरी ओळ लिहून होईतो पहिली वाळून जाई, मग पुन्हा पहिल्यापासून. काणेभटजी कपाळाला हात लावून बसले. कावळे आता मान वाकडी करून बघायला लागले होते, पण पिंडाकडे नव्हे.

"मुरली," जयवंतदादा मान वर न करता म्हणाला, "घरी जा. अण्णांची एखादी वही असेल, त्यात उत्तर असेल. आईला विचार. पळ."

मी सायकल काढली.

मामी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. दहा दिवसांत ती वाळून अर्धी झाली होती. सुना बाहेरच्या खोलीत आलेल्या बायकांपाशी होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. कावळा, बक्षीस, भजी आणि गणित. मामांची वही कुठं आहे असं विचारलं.

"कुठलं गणित? वीस कंसांचं?" मामी म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. दहा दिवसांतलं पहिलं. "अरे, ते मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घातलं होतं. शून्य."

मामी चौथी शिकलेली. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"शून्य कसं?"

"तू वीस धरलीस ना? मग शेवटच्या कंसात काय?"

"वीस वजा वीस."

"म्हणजे?"

माझ्या कानशिलांपर्यंत लाज चढली.

"तू सात धरली असतीस तर सातव्या कंसात शून्य. एक धरली असतीस तर पहिल्याच. कुठलीही धर, तिच्यातून तीच वजा करणारा एक कंस त्यात बसलेलाच आहे. आणि एका शून्यानं गुणलं की बाकीचे एकोणीस कितीही फुगून बसू देत."

"तुला हे सुचलं कसं?"

"मला कुठं सुचतंय? मी म्हटलं, एवढे गुणाकार मला येत नाहीत हे त्यांना माहीत आहे. तरी घालतायत, म्हणजे ते करायचे नसणार. मग करायचं नाही तर काय, असं बघत बसले." ती पदरानं डोळे पुसायला लागली. "दोन दिवस लागले. भाकरी करपली. ते इतके खूष झाले की तव्यावरची करपलेली भाकरी खाल्ली."

मी खाली बघत उभा राहिलो. मला एकदम मामांची फार आठवण आली, आणि आदल्या दिवशी आपण मान डोलावली याची शरम वाटली.

"मामी, काल मी…"

"डोलावलीस. पाहिलं मी." तिच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं. मग तिनं डोळे पुसणं थांबवलं. "मुरल्या, जयानं घाटावर काय म्हटलं म्हणालास? त्याचे शब्द सांग."

"अण्णा, आईला मी ठाण्याला नेतो. तिची काळजी करू नका."

"मोठ्यानं म्हणाला?"

"पलीकडच्या काठावर ऐकू गेलं असेल."

"आणि कावळा?"

"हलला नाही."

"अजिबात?"

"नुसते बसून होते. सातही."

मामीनं भिंतीवर हात टेकला, उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल. सायकल आणलीयस ना?"

आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. दहा दिवसांची विधवा तर उंबऱ्याबाहेरही पडत नाही. मामी मागच्या दारानं बाहेर आली आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसली. मी भोरच्या भर बाजारातून तिला घेऊन निघालो. शिंप्यानं मशीन थांबवलं. चहावाल्याची बशी हातात राहिली. एक म्हातारा वाटेत उभा राहून आमच्याकडे बघत "अरे राम राम" म्हणाला. तो नमस्कार होता की काय होतं, मला कळलं नाही. सायकल डगमगत होती.

"नीट चालव," मामी मागून म्हणाली. "मी पडले तर आणखी एक दहावा करावा लागेल."

घाटावर आम्ही पोचलो तेव्हा भाऊ क्षच्या अठराव्या घातापाशी अडकले होते.

"आई!" जयवंतदादा ताडकन उठला. "तू इथं? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी मला सायकलवर बघितलंय. त्यांचं म्हणून होत आलं असेल. तुमचं उत्तर आलं का?"

"अजून नाही. एकोणीस पदं राहिलीत."

"शून्य," मामी म्हणाली.

"कशावरून?" श्रीकांतनं विचारलं.

मग मी पुढं होऊन कंसाचं सगळं समजावून सांगितलं, ते जणू मलाच सुचलं असल्याच्या थाटात. जयवंतदादानं स्वतःच्या टकलावर चापट मारली. तिचा आवाज सबंध घाटावर घुमला.

मामी पिंडाजवळ गेली. "ऐकलंत का?" ती म्हणाली. नवऱ्याशी ती नेहमी बोलायची त्याच आवाजात, म्हणजे जरा चढ्याच. "मुरल्याचं गणित सुटलं."

सगळ्यांनी चिंचेकडे पाहिलं. सात कावळे, सात जागा. कुणी पंखसुद्धा हलवला नाही.

"आणि दुसरं," मामी म्हणाली. आता ती आमच्याकडे वळली होती. "मी ठाण्याला येणार नाही. नागपूरलाही येणार नाही. घर विकायचं नाही. मी तिथंच राहणार आहे."

"आई, हे इथं बोलायचं का?" जयवंतदादा खालच्या आवाजात म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तुझ्याच भल्यासाठी. तू एकटी कशी राहणार?"

"तू ठरवलंस. श्रीकांतनं ठरवलं. सुनांनी ठरवलं. या शहाण्यानं मान डोलावली." तिनं माझ्याकडे बोट केलं. "पुष्कळ कंस मांडलेत तुम्ही. त्यात माझाही एक आहे, आणि तो शून्य आहे. आता गुणा."

जयवंतदादा वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो आईचं चांगलं करतोय.

मग श्रीकांत म्हणाला, "पण बघ ना आई. तू हे बोललीस तरी कावळा शिवत नाहीये. म्हणजे अण्णांना पसंत नाही."

"नसेल," मामी म्हणाली. "भटजी, तुम्ही दर्भाचा करा."

काणेभटजींनी पिशवीत हात घातला. त्यांचा दर्भाचा कावळा केव्हाचा तयार होता. त्यांनी तो पिंडाला शिववला, मंत्र म्हटले आणि अकराच्या दहाव्याला पळाले. माळवदे सरांना कावळा शिवला नाही, ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. मामी सायकलवर बसली ही बातमी तिच्याही पुढं पळाली, त्यामुळे कावळ्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

आम्ही पायऱ्या चढून वर आलो तेव्हा मी एकदा मागं वळून पाहिलं. खाली माणूस राहिलं नव्हतं. सातही कावळे पिंडावर तुटून पडले होते. आणखी चार कुठून तरी आले होते आणि भज्यांवरून त्यांची जुंपली होती. मी कुणाला काही सांगितलं नाही.

तेराव्यानंतर मुलं आपापल्या गावी गेली. जाताना जयवंतदादानं मामीला तीनदा विचारलं, चौथ्यांदा डोळ्यांत पाणी आणलं. मामीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि दिवाळीला ये म्हणाली. तो दिवाळीला आला. पुढं एकोणीस वर्षं दर दिवाळीला येत राहिला, आणि मामी त्या घरात एकटी राहिली. एकटी म्हणजे, दोन वेळा जेवायला मी होतोच. पुढं माझी बायकोही.

मुलं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारी जेवायला गेलो. गणित घालायला कुणी नव्हतं. पाटावर बसलो आणि सरळ पान समोर आलं, तेव्हा मला रडू फुटलं. मामीनं मला रडू दिलं. मग तिनं आमटी वाढली.

"मामी, एक सांगायचं राहिलं," मी नाक पुसत म्हणालो. "आपण वर आल्यावर कावळे शिवले बरं का. सगळेच्या सगळे."

"शिवणारच. कावळ्यांना भूक लागणारच की कधीतरी."

"पण मग मामांची इच्छा नक्की काय राहिली होती?"

"काही राहिली नव्हती. मला सांगून गेले होते की." मामी तव्यावरची भाकरी उलटत होती. "आदल्या दिवशी संध्याकाळी. म्हणाले, मला काही झालं तर तू एकटी राहू नकोस. जयवंताकडं ठाण्याला जा. मला शब्द दे म्हणाले. मी दिला."

माझा घास हातात राहिला.

"दहा दिवस तो शब्द घेऊन बसले होते मी. माजघरात तुम्ही ठरवत होतात तेव्हा म्हणूनच बोलले नाही. जायचं नव्हतं, पण शब्द दिला होता. मग तू आलास आणि म्हणालास, जयानं नेमकं तेच मोठ्यानं कबूल केलं आणि कावळा हललासुद्धा नाही."

"मग?"

"मग मी हिशोब केला. कावळ्याला खरंच सगळं कळत असेल, तर त्यांची ती इच्छा आता राहिली नाही, आणि मी सुटले. आणि कावळ्याला काहीच कळत नसेल, तर गेलेलं माणूस वरून बघत नाही, काही मागत नाही, आणि मी तरीही सुटले." तिनं भाकरी माझ्या पानात टाकली. "काहीही धरलं तरी उत्तर एकच येतंय, तर मी तिथं बसून काय करणार होते? म्हणून उठले."